मोहाचं खापर देवाच्या माथी नको

ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये दोन वाक्यं सर्रास ऐकू येतात. एखाद्या घरावर संकट कोसळलं की भेटायला आलेली माणसं म्हणतात, "देव तुमची परीक्षा घेतोय." आणि मंडळीतल्या एखाद्या मोठ्या माणसाचं गैरवर्तन उघडकीला आलं की म्हटलं जातं, "सैतानाने डाव साधला, बिचारे मोहात सापडले." पहिल्या वाक्यात दुःखाचा कर्ता देव ठरतो आणि दुसऱ्यात पापाचा कर्ता सैतान. बोलणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो, हे मला मान्य आहे. तरीही ही वाक्यं आपण सोडून दिली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. शास्त्र देवाच्या स्वभावाबद्दल जे सांगतं त्याच्याशी ती जुळत नाहीत आणि त्यांची किंमत दर वेळी त्या प्रसंगातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला मोजावी लागते.

बायबलच्या नव्या करारातलं याकोबाचं पत्र सुखवस्तू वाचकांसाठी लिहिलेलं नाही. शेतं कापणाऱ्या मजुरांची मजुरी बुडवणाऱ्या धनवानांवर हा लेखक पाचव्या अध्यायात तुटून पडतो, त्यावरून त्याच्यासमोर कोण माणसं होती याची कल्पना येते. नाना संकटांनी गांजलेल्या अशा लोकांच्या तोंडी "देवानेच आमच्यावर ही वेळ आणली, मग आम्ही तरी काय करणार?" हे वाक्य येणं अगदी स्वाभाविक होतं. पहिल्याच अध्यायात याकोब ते अडवतो. मोह होत असताना 'देव मला मोहात पाडतोय' असं कुणी म्हणू नये, कारण देवाला वाइटाचा मोह होत नाही आणि तो स्वतः कुणाला मोहात पाडत नाही. माणूस ओढला जातो तो स्वतःच्या वासनेने. वासना गरोदर राहते आणि पापाला जन्म देते, पाप वाढीला लागतं आणि मरणाला जन्म देतं. वासना आई, पाप लेक, मरण नात अशी ही तीन पिढ्यांची वंशावळ आहे आणि तिच्यात देवाचं नाव कुठेही नाही. लगेच पुढे तो म्हणतो की प्रत्येक चांगलं दान ज्योतींच्या पित्याकडून येतं आणि त्याच्यात पालट नाही, फिरण्याने पडणारी छायाही नाही.

यातलं देवाबद्दलचं विधान जरा थांबून वाचलं पाहिजे. मोह होण्यासाठी आत काहीतरी उणं असावं लागतं. मिळालं नाही तर आपलं कसं होईल ही धास्ती असावी लागते, किंवा आहे ते हातचं जाईल ही भीती. ज्याच्यात काही उणंच नाही, त्याला कोणतं आमिष दाखवणार? आणि ज्याला वाइटाची ओढ नाही, त्याला दुसऱ्याला वाइटात ओढून काय मिळणार? मोहात पाडणाऱ्याला समोरच्याच्या पडण्यातून काहीतरी हवं असतं. कधी फायदा, कधी सत्ता, कधी आपल्यासोबत कुणीतरी पडलं याचं समाधान. देवाला आपल्या पडण्यातून काहीही नको आहे. इथे देवाची अब्रू सांभाळण्याचा खटाटोप चाललेला नाही, प्रश्न प्रार्थनेचा आहे. ज्याने खड्डा खणला, त्याच्याकडेच वर ओढून घेण्यासाठी हात कसा मागायचा?

एदेन बागेतली चौकशी आठवा. मना केलेलं फळ तू खाल्लंस का, असं देव आदामाला विचारतो. आदाम म्हणतो, तू मला दिलेल्या स्त्रीने ते दिलं आणि मी खाल्लं. आपण हे वाक्य बायकोवर ढकलण्याचा नमुना म्हणून वाचतो, पण त्यातला 'तू मला दिलेल्या' हा तुकडा जास्त गंभीर आहे. आदाम एका दमात दोघांना आरोपी करतो, स्त्रीला आणि ती देणाऱ्यालाही. याकोबाला नेमका हाच बचाव मोडून काढायचा आहे.

आता आक्षेप. ते खरे आहेत, म्हणून त्यांना बगल देता येत नाही. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात देवाने अब्राहामाची परीक्षा घेतली असं स्पष्ट लिहिलं आहे. इसहाकाला वेदीवर बांधण्याची ती कथा वाचताना मला आजही धडकी भरते, आणि ती भरावी अशीच कथा आहे. पण तिचा शेवट उचललेली सुरी थांबवणाऱ्या देवाचा आहे. मुलाचा बळी त्याला नको होता आणि मेंढा त्यानेच पुरवला. अनुवाद नावाच्या ग्रंथाचा आठवा अध्यायही इस्राएल लोकांच्या रानातल्या चाळीस वर्षांना परीक्षा म्हणतो. तुमच्या मनात काय आहे ते कळावं म्हणून देवाने तुम्हाला नमवलं, भुकेलं ठेवलं, आणि त्याच वाक्यात, मान्ना हे आकाशातून आलेलं अन्नही खाऊ घातलं. शास्त्रात देव जिथे परीक्षा घेतो तिथे माणूस उभा राहावा, हा हेतू असतो. मोहात पाडणाऱ्याला माणूस पडायला हवा असतो. बाहेरून दोन्ही प्रसंग सारखे दिसू शकतात, म्हणूनच हेतूचा हा भेद सोडून चालत नाही. आणि अब्राहामाची कथा ही देवाने त्याच्याशी केलेल्या कराराच्या इतिहासातली एक घटना आहे. ती उचलून कुठल्याही घरातल्या मृत्यूला लावण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. दावीद राजाने केलेल्या आणि पाप ठरलेल्या शिरगणतीची हकीकत शास्त्रात दोनदा येते. दुसऱ्या शमुवेलाच्या चोविसाव्या अध्यायात इस्राएलावर कोपलेला परमेश्वर दावीदाला शिरगणतीसाठी उद्युक्त करतो. पहिल्या इतिहासाच्या एकविसाव्या अध्यायात तेच काम सैतान करतो. घटना एक, राजा एक, आणि कर्ता मात्र वेगळा. इतिहासाचा ग्रंथ बाबेलच्या बंदिवासानंतरचा, म्हणजे नंतरच्या काळातला आहे. जुनी हकीकत पुन्हा सांगताना त्या लेखकाला वाइटाची चिथावणी देवाच्या तोंडी घालवेना. यात मला विसंगतीपेक्षा वाढ दिसते. देवाची ओळख वाढत गेली तसं वाइटाचं कर्तेपण त्याच्याकडून काढून घेतलं गेलं, आणि ही प्रक्रिया याकोबाच्या कितीतरी शतकं आधीच सुरू झाली होती. काही श्रद्धाळू वाचकांना हा अर्थ पटणार नाही. पण दोन्ही वृत्तांत शेजारी शेजारी जपून ठेवले ते शास्त्रानेच, आणि त्यांच्यातला फरक न पाहणं हा काही शास्त्राचा आदर नव्हे.

मोह म्हणजे काय हे सर्वांत जवळून दिसतं ते येशूच्या रानातल्या प्रसंगात. पवित्र आत्म्याने त्याला रानात नेलं, असं मत्तय लिहितो. मार्काचे शब्द त्याहून जोरकस आहेत, तिथे आत्मा त्याला रानात घालवतो. तेव्हा मोहाच्या जागी आपल्याला जावं लागतं आणि कधी देवच तिथे नेतो, हे नाकारण्याचं कारण नाही. पण मोह घालणारा तिथे दुसराच आहे. तो पहिलं वाक्य काय बोलतो पाहा: तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी कर. थोड्याच दिवसांपूर्वी, बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीच्या काठावर, हा माझा परमप्रिय पुत्र आहे असा आवाज आकाशातून आला होता. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर पोटात भुकेचा आगडोंब असताना नेमक्या त्याच वाक्यावर घाव घातला जातो. भाकरीत वाईट काहीच नाही. वाईट आहे ती त्या बोलण्यातली सूचना, की बापाने तुला उपाशी टाकलंय, आता तुझं तूच बघ. मग मंदिराचा कठडा येतो. सैतान स्तोत्र ९१ मधली वचनं म्हणून दाखवतो, देवदूत तुला हातांवर झेलतील म्हणतो आणि बरोबर तिथेच थांबतो. स्तोत्राची पुढचीच ओळ सिंह आणि सर्प पायांखाली तुडवण्याची आहे. येशूची तिन्ही उत्तरं अनुवादाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत, म्हणजे रानात चाळीस वर्षं काढलेल्या लोकांना सांगितलेल्या शब्दांतली.

एदेनमध्ये सर्प पहिल्यांदा काय बोलला होता? देवाने खरंच असं सांगितलं का? आणि मग, तुम्ही त्याच्यासारखे व्हाल हे त्याला ठाऊक आहे. फळाची गोडी पुढची गोष्ट, आधी देवाबद्दलचा संशय. तो तुमच्यापासून काहीतरी लपवतोय, तुमच्या वाईटावर आहे. रानातही तेच, आणि मला वाटतं, माणसाला होणाऱ्या प्रत्येक मोठ्या मोहातही तेच. मोह आधी देवाचं चित्र बिघडवतो आणि मगच हातात फळ ठेवतो. ही गोष्ट ध्यानात घेतली तर 'देव मोहात पाडतो' हे वाक्य नुसती धर्मशास्त्रीय चूक राहत नाही. सर्पाने हव्वेच्या कानात जे सांगितलं, तेच आपण भक्तीच्या स्वरात पुन्हा सांगत असतो.

इथे एक प्रश्न हमखास येतो. येशू देव असेल तर त्याला मोह होणं म्हणजे नाटकच नव्हे का? मंडळीने या प्रश्नाचं उत्तर शोधताना मोठी किंमत मोजली आहे. खाल्केदोनच्या परिषदेने ४५१ मध्ये येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याचं ठरवलं. सातव्या शतकात मात्र, त्याच्यात इच्छा एकच, ती दैवी, असं मत पुढे आलं आणि त्याला सम्राटाचा पाठिंबा मिळाला. माक्सिमस नावाच्या संन्याशाने ते मानायला नकार दिला. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असं म्हणणाऱ्याला स्वतःची मानवी इच्छा असलीच पाहिजे, यावर तो ठाम राहिला. ६६२ मध्ये त्याची जीभ छाटली, उजवा हात तोडला आणि हद्दपार केलं. त्याच वर्षी तो मेला. पुढे ६८०-६८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याचंच म्हणणं उचलून धरलं. एवढ्या बारीक मुद्द्यासाठी माणूस जीव का देतो, असं वाटेल. पण या बारीक मुद्द्यावरच आपली आशा टांगलेली आहे. मरणाला भिणारी, दुःखाचा पेला टळावा असं वाटणारी खरीखुरी मानवी इच्छा येशूत नसेल, तर त्याचा झगडा माझ्या झगड्याच्या काही कामाचा नाही. इब्री लोकांस लिहिलेलं पत्र सांगतं की तो मोठ्याने आक्रोश करत, अश्रू गाळत प्रार्थना करी, आणि सर्व बाबतींत आपल्यासारखाच पारखला गेला तरी निष्पाप राहिला. जो लवकर हार मानतो त्याला मोहाचा सगळा जोर कधी कळतच नाही. शेवटपर्यंत न वाकणाऱ्यालाच तो पुरता सोसावा लागतो.

म्हणजे ज्याला मोह होत नाही असा देव, मोह होऊ शकेल असं शरीर आणि मन धारण करतो. वर बसून गुण मोजणाऱ्या परीक्षकाचं चित्र या देवाला लावताच येत नाही.

आणि येशूला मोह झाला असेल तर मोह होणं हे पाप असू शकत नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण किती विश्वासी माणसं याच्या उलट समजुतीखाली पिचून जातात! मनात एक घाणेरडा विचार आला म्हणून आपण देवाला नकोसे झालो असं मानणारे तरुण, दारू सोडून वर्षं झाली तरी तल्लफ येते म्हणून शरमेने गप्प राहणारी माणसं, उपासनेत सगळ्यांसोबत उभी राहून आतून स्वतःला शिव्याशाप देणारी. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस या संन्याशाने फार शहाणपणाचं सांगून ठेवलं आहे. विचारांनी येऊन आपल्याला सतावणं आपल्या हातात नाही. त्यांनी मुक्काम ठोकायचा की नाही, एवढंच हातात आहे. बिशप ऑगस्टीनने मोहाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: सूचना, तिच्यात वाटणारी गोडी आणि शेवटी संमती. पाप पुरं होतं ते तिसऱ्या पायरीवर.

यावर पुढे कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांमध्ये वाद झाला. ल्यूथरच्या अनुयायांच्या १५३० च्या ऑग्सबर्गच्या कबुलीने माणसातल्या जन्मजात वासनेलाच पाप म्हटलं. १५४६ मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने म्हटलं की बाप्तिस्म्यानंतर उरणारी वासना झगड्यासाठी उरते आणि जो तिला संमती देत नाही त्याचं ती काही बिघडवू शकत नाही. सुधारकांची भीती मला समजते. वासना निरुपद्रवी आहे असं म्हटलं की माणूस स्वतःला फार लवकर माफ करून टाकतो. पण रात्री झोप उडालेल्या, स्वतःच्या मनाला घाबरलेल्या माणसाजवळ बसायचं असेल तर ट्रेंटचं वाक्य हाताशी असावं, असंच मी म्हणेन. आणि मूळ मुद्द्यावर दोन्ही बाजू एकच आहेत. ल्यूथरने १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत प्रभूच्या प्रार्थनेतल्या 'आम्हाला मोहात आणू नकोस' या विनंतीचा अर्थ सांगताना सुरुवातच केली ती देव कुणालाही मोहात पाडत नाही या वाक्याने.

त्याच विनंतीवरून डिसेंबर २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस एका दूरचित्रवाणी मुलाखतीत बोलले आणि जगभर चर्चा झाली. बाप मुलाला मोहात ढकलून तो कसा पडतो ते बघत बसत नाही, पडलेल्याला उठवतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. फ्रान्सच्या चर्चने त्याच सुमारास प्रार्थनेचे शब्द बदलले, इटलीत २०२० मध्ये बदलले, जर्मन बिशपांनी मात्र जुनेच ठेवले. शब्द कोणते ठेवायचे याबद्दल माझा आग्रह नाही. ही प्रार्थना मुलांना शिकवताना आपण कोणत्या देवाचं चित्र त्यांच्यासमोर ठेवतो, याबद्दल आहे.

आता पहिल्या वाक्याकडे. मूल गमावलेल्या आईसमोर बसून "देव परीक्षा घेतोय, तो झेपेल एवढंच देतो" म्हणणाऱ्यांना पौलाचा आधार वाटतो. पण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायातलं ते वचन मूर्तिपूजेच्या आणि वासनेच्या मोहाबद्दल आहे, मृत्यूबद्दल किंवा आजाराबद्दल नाही. शिवाय ते एकट्या माणसाला उद्देशून नाही, एका मंडळीला लिहिलं आहे. देव निभावण्याचा मार्गही काढतो असं त्यात म्हटलंय, आणि पुष्कळदा तो मार्ग म्हणजे शेजारी बसलेला माणूस असतो. हाच पौल त्याच करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला लिहितो की आशिया प्रांतात आमच्यावर आमच्या शक्तीबाहेर भार पडला, इतका की जगण्याचीही आशा उरली नाही. शक्तीबाहेर! झेपेल एवढंच मिळतं हा नियम पौलाने स्वतःच्या आयुष्याला लावला नाही. मग त्या आईला आपण तो का लावतो? मुलंबाळं आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनीही हेच केलं. पहिले सात दिवस ते त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसले, तेव्हा त्यांचं बरोबर होतं. नंतर ते देवाच्या वतीने कारणं सांगू लागले. अखेर देव त्यांच्यावर संतापतो आणि म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाच्या बाजूने बोलणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला, हा निकाल खुद्द देवाचा आहे.

दुसऱ्या वाक्याची किंमत तर आकड्यांत मोजली गेली आहे. फ्रान्समधल्या बिशपांनी आणि धर्मसंघांनीच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाचा अहवाल ऑक्टोबर २०२१ मध्ये आला. १९५० पासूनच्या सत्तर वर्षांत धर्मगुरू आणि धर्मसंघातल्या लोकांकडून सुमारे २ लाख १६ हजार मुलांचं लैंगिक शोषण झालं असावं, असा त्याचा अंदाज आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांनी याकडे दुसऱ्याच्या घरची गोष्ट म्हणून पाहू नये. अशा गुन्ह्याला 'मोहाचा क्षण' म्हटलं की गोष्टीत दोनच पात्रं उरतात, पडलेला सेवक आणि त्याच्यावर टपलेला सैतान. मग मंडळी सेवकासाठी प्रार्थना करते, त्याला पुन्हा उभं करण्याची घाई करते. ज्या मुलावर अत्याचार झाला ते या गोष्टीत कुठेच नसतं. प्रौढ स्त्री असेल तर तिला या गोष्टीत जागा मिळते, पण मोह म्हणून, आदामाच्या उत्तरातल्यासारखी.

नाथान संदेष्ट्याने दावीदाला गाठलं तेव्हा त्याने काय केलं ते वाचावं. त्याने एका गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. ती त्याच्या ताटातलं खाई, त्याच्या उराशी झोपे, आणि श्रीमंताने ती हिसकावून कापली. त्या गोष्टीत बथशेबा, दावीदाने बळकावलेली दुसऱ्याची बायको, ही मेंढी आहे. तिने राजाला भुलवलं असा एक शब्द नाथानाच्या तोंडी नाही, आणि सैतानाचं नावही नाही. "तो माणूस तूच आहेस," एवढंच तो राजाला तोंडावर सांगतो. दावीदानेही मग मी पाप केलं आहे असं म्हटलं आणि दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. क्षमा झाली, पण जे केलं त्याचे परिणाम टळले नाहीत.

मंडळ्यांनी यापुढे अशा प्रकरणात निवेदन काढलं तर त्यात कुणी, कुणाशी, काय केलं हे साध्या शब्दांत असावं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची ओळख सांभाळून त्याची बाजू आधी यावी. गुन्हा असेल तर पोलिसांत कळवलं की नाही हेही लिहावं, आणि सैतानाचा उल्लेख वगळला तरी चालेल. येशूने लहानांना अडखळवणाऱ्याबद्दल बोलताना अडखळणं तर येणारच, असं मान्य केलं. पण ज्या माणसाच्या हातून ते येतं त्याला त्याने हाय हाय म्हटलं आणि गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून समुद्रात बुडवलं जाणं त्याच्या हिताचं, असं सांगितलं. तिथे त्याने बोट दाखवलं ते माणसाकडे.